एकोणिसाव्या खाटेचा पडदा

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना गेलं वर्षभर सगळं हॉस्पिटल 'बटणबाई' म्हणत होतं, आणि त्यांना त्याचा राग येत नव्हता. कोणी तोंडावर म्हटलं तरी त्या चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "म्हणा, म्हणा. संध्याकाळी वेळेवर घरी पोचता ना? मग खुशाल म्हणा."

बटण त्यांचंच होतं. म्हणजे बनवलं दुसऱ्यानं, पण मागितलं त्यांनी, भांडून घेतलं त्यांनी.

त्याआधीची दोन वर्षं आठवली तरी वॉर्डातल्या बायकांच्या पाठीत कळ यायची. कागद गेले आणि कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळ्यांना सांगण्यात आलं होतं की आता काम हलकं होणार. झालं असं की दर चार तासांनी दर पेशंटचे शेहेचाळीस रकाने भरायचे. श्वास, नाडी, लघवी, कातडी, डोळ्यांच्या बाहुल्या, बोलणं, दोन्ही हातांची पकड, जेवण, झोप. आणि खाटा तीस. नर्स म्हणून नोकरीला लागलेल्या बायका टायपिस्ट होऊन घरी जायला लागल्या. एकदा तर एक सिस्टर स्क्रीनकडे तोंड करून 'उलटी : नाही' असं भरत होती आणि तिच्या पाठीमागे ती पेशंट बाई भडाभडा ओकत होती. या गोष्टीवर वॉर्ड आठवडाभर हसला, पण हसणाऱ्यांपैकी कोणालाही ते मनातून हसण्यासारखं वाटत नव्हतं.

मोठ्या सिस्टरांनी वर इतक्या तक्रारी केल्या की शेवटी सिस्टीम बनवणाऱ्यांनी आपला एक माणूस पाठवला. पंचेचाळिशीचा, जाड भिंगांचा, अबोल. तो तीन दिवस कोपऱ्यात स्टूल टाकून बसला आणि हातातल्या मोजायच्या यंत्रावर नर्सांचे क्लिक मोजत राहिला. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'क्लिकमामा' पडलं. तिसऱ्या दिवशी तो उठून मोठ्या सिस्टरांकडे आला.

"सिस्टर, एका पेशंटला एकशे बारा क्लिक होतायत. तुम्ही लोक जिवंत कशा आहात?"

"हे विचारणारे तुम्ही पहिलेच कॉम्प्युटरवाले," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं.

मग दोघांनी बसून ते बटण ठरवलं. 'बदल नाही'. ते दाबलं की मागच्या वेळचे सगळे शेहेचाळीस रकाने जसेच्या तसे पुढे यायचे, फक्त वेळ नवी. पुढच्या आठवड्यात सिस्टरांनी आणखी एक गोष्ट मागितली. एकेक पेशंट उघडत कशाला बसायचं, सगळा वॉर्ड एकदम निवडता आला पाहिजे.

क्लिकमामा घुटमळला. "सगळे एकदम? म्हणजे कोणी न बघताच दाबलं तर?"

सिस्टरांना ते चांगलंच झोंबलं. "अहो, आम्ही आधी बघतो आणि मग दाबतो. बावीस वर्षं बघतेय मी. बघायचं कसं ते आता तुमच्या मशीनकडून शिकायचं का?"

त्यानं मान खाली घातली आणि करून दिलं.

सुरुवातीचे महिने सिस्टरांचं म्हणणं अगदी खरं होतं. नर्सा तीसही खाटांपाशी जायच्या, बघायच्या, बोलायच्या, मग टेबलाशी येऊन बटण दाबायच्या. ज्यांचं काही बदललं असेल त्यांचं तेवढं वेगळं लिहायच्या. पेशंटांशी गप्पा मारायला वेळ मिळायला लागला. मोठ्या सिस्टर सूर्य मावळायच्या आत घरी पोचायला लागल्या, तेव्हा पहिल्या दिवशी सासूबाईंनी दार उघडून विचारलं, "काय गं, काढून टाकलं का तुला?" नवरा म्हणाला, बायकोचा चेहरा उजेडात कसा दिसतो ते विसरायला झालं होतं. हॉस्पिटलनं वॉर्डाला प्रशस्तिपत्र दिलं, ते चौकटीत घालून टेबलामागे लावलं गेलं.

मग हळूहळू ती फेरी आखडत गेली. आधी शेवटच्या खाटेपर्यंत जाणं व्हायचं, मग अर्ध्या वॉर्डापर्यंत, मग दारातून नजर टाकून, आणि शेवटी खुर्चीतूनच मान उंच करून. असं कोणी ठरवलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर कोणीतरी भांडलं तरी असतं. वाचलेला वेळ हॉस्पिटलनंही लगेच हेरला आणि दोन नर्सा दुसरीकडे हलवल्या. एवढं काम कमी झालंय, तर माणसं कशाला इतकी? त्यामुळे वेळ वाचला कुठे आणि गेला कुठे, याचा मेळ काही लागला नाही.

टेलरमास्तर आले ते सोमवारी संध्याकाळी.

पायरीवरून पाय घसरून घोटा मोडला होता. पडताना डोकंही आपटलं होतं, पण नुसतं टेंगूळ होतं. वय सत्तरच्या पुढे. हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती, म्हणून डॉक्टरांनी लिहून ठेवलं की शुक्रवारच्या ऑपरेशनपर्यंत डोक्यावर लक्ष ठेवा. दर चार तासांनी बाहुल्या, बोलणं, हातांची पकड. त्या दिवशी भरती करून घ्यायला माणूस नव्हतं, म्हणून मोठ्या सिस्टर स्वतः बसल्या. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस रकाने त्यांनी मन लावून भरले. आपली दोन-दोन बोटं मास्तरांच्या दोन्ही मुठींत दिली आणि म्हणाल्या, "दाबा बघू जोरात."

मास्तरांनी अशी दाबली की सिस्टर "अहो!" म्हणून ओरडल्याच.

"पन्नास वर्षं कात्री धरलीय," मास्तर म्हणाले. "या हातांना कमी समजू नका."

सिस्टरांनी हसत लिहिलं : 'पकड : दोन्ही हातांची सारखी, जोरकस.' खाट दिली एकोणीस नंबरची, खिडकीजवळची.

गुरुवारी दुपारी दोनला वॉर्डातल्या मावशी अंग पुसायला गरम पाणी घेऊन गेल्या, तेव्हा मास्तर हाकेला उठेनात. मावशींनी आरडाओरडा केला. धावाधाव झाली, डोक्याचा फोटो काढला गेला. आत रक्त साचत साचत सगळा एक भाग दबून गेला होता. ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायच्या आधीच, पावणेचारला, मास्तर गेले.

शुक्रवारी सकाळी अधीक्षक साहेबांनी मोठ्या सिस्टरांना खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. झोप न झालेला, चहा गार होऊन गेलेला, समोर छापील कागदांचा गठ्ठा. त्यांनी तो सिस्टरांपुढे सरकवला.

"मी रात्रभर हेच वाचतोय. म्हटलं, आता लक्ष ठेवलं नाही म्हणून ओरड होणार. पण रेकॉर्ड बघा. सोमवारी रात्री आठपासून गुरुवारी दुपारी बारापर्यंत सतरा नोंदी. एकही चुकलेली नाही. आणि सतराही वेळा पकड सारखी, बोलणं स्पष्ट, बाहुल्या ठीक. म्हणजे बारा ते दोनमध्ये एकाएकी झालं. याला कोण काय करणार?"

सिस्टर कागदाकडे बघत राहिल्या. एकाखाली एक सतरा वेळा त्यांचंच वाक्य होतं. 'दोन्ही हातांची सारखी, जोरकस.' शब्द न शब्द त्यांचा.

"रेकॉर्ड आपल्या बाजूनं आहे," साहेब म्हणाले. "मास्तरांची मुलगी उद्या कागद घ्यायला येणार आहे. तिला द्यायचं निवेदन मी तयार केलंय, वॉर्डप्रमुख म्हणून तुमची सही लागेल. आणि सिस्टर, पुढच्या महिन्यात ही सिस्टीम आणखी बारा वॉर्डांत जातेय. तुमचं बटण. आता काही खोट निघायला नको."

निवेदनात लिहिलं होतं की रुग्णाच्या प्रकृतीत शेवटपर्यंत कोणताही बदल दिसून आला नव्हता. सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. बदल दिसून आला नव्हता, हे तर खरंच होतं. दिसायला आधी बघावं लागतं.

"उद्या देते सही करून," त्या म्हणाल्या. कागद घडी करून खिशात घातला आणि निघाल्या. जिना उतरताना त्यांना एकदा हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची शिसारी आली. वॉर्डातल्या चौघीजणी कोपऱ्यात चेहरे पाडून उभ्या होत्या. त्यांनी नजरेनंच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "कोणाला काही होणार नाही. कामाला लागा." चौघींचा जीव भांड्यात पडला. त्यांतली एक रडायलाच लागली.

एकोणीस नंबरवर एव्हाना नवीन पेशंट आला होता. त्याला बेडपॅन द्यायचं म्हणून सिस्टरांनी पडदा ओढला, आणि त्यांच्या बोटाला कचकन काहीतरी टोचलं.

सुई होती. पडद्यातच लटकत होती, निळ्या दोऱ्याला.

हा हिरवा पडदा वर्षभर फाटका होता. छातीच्या उंचीपासून खाली हातभर चीर गेलेली. सिस्टरांनी सिस्टीममध्ये त्याची तक्रार टाकली होती, तिच्यापुढे आजतागायत 'प्रलंबित' असं दिसत होतं. मावशींनी दोन पिना लावून वेळ मारून नेली होती. आता पिना नव्हत्या. चीर वरून खाली शिवत आणलेली होती, फक्त शेवटची चार बोटं उघडी राहिली होती.

"मावशी, हे कोणी केलं?"

"मास्तरांनी," मावशी म्हणाल्या. "चष्म्याच्या घरात सुई असायची त्यांच्या. मंगळवारी म्हणाले, हे भोक बघून मला झोप लागत नाही, दोरा आणून दे. मी घरून आणला. हिरवा नव्हता, निळाच होता. चालेल म्हणाले, पण रंग डोळ्यात खुपतोय." त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, एक सांगू? बुधवारी त्यांना सुई टोचली, रक्ताचा थेंब आला, तरी त्यांना कळलं नाही. मीच पुसलं."

"मग कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? तुम्ही सगळ्या पाहुण्यांत होता. आणि लिहायचं तर माझ्याकडे कुठं पासवर्ड आहे?"

सिस्टरांनी पडदा खिडकीच्या उजेडात धरला. वरचे टाके बारीक होते, तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे. वीतभर खाली ते मोठे होत गेले होते. आणखी खाली एकमेकांपासून लांब, तिरके, कुठे दोरा आवळलेला, कुठे सैल सोडलेला. तळाशी तर नुसता गुंता होता. सिस्टरांना शिवणातलं फारसं काही कळत नव्हतं, पण बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला हात उतरत गेलेला कळतो. त्या नव्या पेशंटच्याच खाटेच्या कडेवर बसल्या आणि तो बिचारा त्यांनाच विचारू लागला, "बाई, बरं वाटत नाही का?"

दुपारी त्यांनी क्लिकमामाला फोन लावला.

"मला एक सांगा. ते बटण कुठून दाबलं, टेबलावरून की खाटेजवळच्या फिरत्या मशीनवरून, हे तुमच्याकडे राहतं का?"

क्लिकमामा म्हणाला, "राहतं, सिस्टर. साहेबांनी मागवलेल्या रिपोर्टमध्ये तो रकाना मी दिला नाही. त्यांनी मागितला नव्हता. पण मी बघितलाय. काल रात्रीपासून तेच बघत बसलोय."

"सतरापैकी खाटेजवळून किती?"

"एक."

"फक्त?"

"एकच. बुधवारी, दुपारी बाराला."

सिस्टरांनी डोळे मिटले. "ती मीच," त्या म्हणाल्या.

बुधवारी सहा पाहुणे आले होते, दुसऱ्या हॉस्पिटलांतले. हा वॉर्ड वेळ कसा वाचवतो ते बघायला. फोटोसाठी खिडकीजवळ उजेड चांगला म्हणून सिस्टरांनी फिरतं मशीन एकोणीस नंबरपाशी नेलं होतं. त्यांनी नवी साडीही नेसली होती त्या दिवशी. मास्तर खाटेवर बसले होते, मांडीवर पडदा ओढून घेतलेला. सिस्टर पाहुण्यांना म्हणाल्या, "आता या पेशंटचं बघा. आधी एकशे बारा क्लिक लागायचे. आणि आता, एका दाबात." दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांत मास्तर काहीतरी म्हणाले. "सिस्टर, जरा हात..." असं काहीतरी, जिभेवर घास असल्यासारखं. हात वर केला होता त्यांनी. डावा. सुई डाव्या हातात होती.

"आले हं, मास्तर," त्या म्हणाल्या होत्या. आणि पाहुण्यांना घेऊन चहाला गेल्या.

त्या दिवसापासून शुक्रवारच्या दुपारपर्यंत हे त्यांना एकदाही आठवलं नव्हतं. आठवलं नव्हतं याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

"सिस्टर," क्लिकमामा फोनवर म्हणत होता, "मी तेव्हा विचारलं होतं, पण नेटानं लावून धरलं नाही. चूक माझीही आहे."

"तुम्ही विचारलं होतंत," सिस्टर म्हणाल्या. "मीच तुम्हाला गप्प केलं. तो रकाना छापून पाठवा मला."

त्या रात्री घरी त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पानावरून तशाच उठल्या. सासूबाई काय झालं म्हणून मागे लागल्या, तर "डोकं दुखतंय" म्हणाल्या. खरं सांगायचं तर सही करावी असं त्यांना पुष्कळ वाटत होतं. बटण गेलं तर परत एकशे बारा क्लिक, परत पाठी मोडणं, परत पेशंटकडे पाठ. चौघींच्या नोकऱ्यांवर गदा येईल, स्वतःच्याही. आणि मास्तर काही परत येणार नाहीत. सगळं खरं होतं. फक्त प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे तो डावा हात यायचा.

शनिवारी मुलगी आली. चाळिशीची, अंगावर साधे पण नीट बसलेले कपडे, गळ्यात अजून मोजायची टेप, कामावरून तशीच उठून आल्यासारखी. दूर राहायची, स्वतःचं शिवणाचं दुकान होतं, ऑपरेशनच्या दिवशी येणार होती. वॉर्डाशेजारच्या लहान खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. सिस्टरांच्या पुढ्यात फाईल होती आणि पायाशी पिशवी.

"मला फार काही विचारायचं नाही," मुलगी म्हणाली. "साहेब म्हणाले फोनवर, एकाएकी झालं. म्हणजे त्रास झाला नाही ना बाबांना?"

इथे नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. अशा वेळी सिस्टरांनी हजार वेळा म्हटलं होतं ते, आणि तेच म्हणायची रीत होती.

त्यांना म्हणता आलं नाही.

"बुधवारी संध्याकाळी मी फोन केला होता त्यांना," मुलगीच पुढे बोलत राहिली. "शब्द जड येत होते. मला वाटलं औषधानं असेल. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून वॉर्डात फोन केला. कोण होत्या माहीत नाही, गोड बोलल्या. 'थांबा हं, स्क्रीनवर बघून सांगते.' मग म्हणाल्या, 'काही बदल नाही, काळजी करू नका.' मग मी नाही केली काळजी. त्या दिवशी मी झोपले शांत."

सिस्टरांनी पिशवीतून पडदा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे तुमच्या बाबांनी शिवलं. तीन दिवसांत. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं."

मुलीनं पडद्याची घडी मोडली. सुलट बाजू तिनं बघितलीच नाही. थेट उलटी बाजू वर घेतली, टेबलावर हातानं सपाट केली आणि वरच्या टाक्यावर बोट ठेवलं. तिचा चेहरा एकदम सैलावला.

"उलटीकडूनही सुलटीसारखं. असंच लागायचं त्यांना. मी लहान असताना किती उसवायला लावलंय." बोट खाली सरकलं. "इथं गाठ मारून थांबलेत, जेवायला असतील. परत सुरू. इथं दिवस बदलला." बोट आणखी सरकलं आणि थांबलं. "हे काय?"

सिस्टरांनी पडद्याची खालची कड तिच्याकडे सरकवली.

"इथं अंगठा दाबत नाहीये. दोरा ओढला जात नाही." ती वाकून बघू लागली. "आणि इथून टाके उलटे झुकायला लागले. हे डाव्या हातानं घातलेत. बाबा डाव्या हातानं कधी बटणसुद्धा लावायचे नाहीत." तिनं तळाच्या गुंत्यावरून तळवा फिरवला. "सिस्टर, हे एकाएकी नाही झालेलं. हे दीड दिवस चाललंय. कोणी होतं का तिथं?"

"मी होते," सिस्टर म्हणाल्या. "जिथं टाके उलटे झालेत ना, त्याच वेळी मी त्यांच्या खाटेला खेटून उभी होते. त्यांनी मला हाक मारली. हात म्हणाले. मी येते म्हटलं आणि गेले नाही."

"त्यांच्याकडे बघितलंत?"

"नाही. स्क्रीनकडे बघत होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बटण कोणी मागितलं, कसं मागितलं, क्लिकमामाला काय सुनावलं, पाहुणे, टाळ्या, सतरापैकी सोळा नोंदी टेबलावरून. सांगताना त्या रडल्या नाहीत. आपण रडलो तर हिला आपली समजूत काढावी लागेल, एवढं भान त्यांना होतं. सांगून झाल्यावर त्यांनी फाईलमधून साहेबांचं निवेदन काढलं, पालथं केलं आणि कोऱ्या बाजूवर हातानं लिहायला घेतलं. कितीतरी दिवसांत त्यांनी इतकं हातानं लिहिलं नव्हतं, अक्षर वेडंवाकडं येत होतं. 'सोमवार संध्याकाळनंतर रुग्णाच्या हातांची पकड कोणीही तपासली नाही. बुधवारी दुपारी बारा वाजता मी स्वतः...' पान भरलं तशी खाली सही केली, क्लिकमामानं पाठवलेला रकाना त्याला टाचला आणि कागद मुलीपुढे ठेवला.

"याची एक प्रत तुमची. एक साहेबांना आत्ता नेऊन देते. पडदाही त्यांना दाखवावा लागेल, मग तो तुमचाच."

मुलीनं कागद सावकाश वाचला. सिस्टर तिच्या ओरडण्याची वाट बघत होत्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती कागद खाली ठेवून म्हणाली, "पकड तपासायची म्हणजे काय करायचं असतं?"

"काय?"

"सोमवारी तुम्ही केली होती ना? काय केलं होतंत ते दाखवा मला."

सिस्टरांनी टेबलावरून दोन्ही हात पुढे केले. "मुठी करा. सैल." त्यांनी आपली दोन-दोन बोटं तिच्या दोन्ही मुठींत दिली. तिच्या बोटांवर कात्रीचे घट्टे होते, बापासारखेच, अगदी त्याच जागी.

"आता दाबा. जोरात."

तिनं दाबलं. सिस्टरांच्या तोंडून आवाज फुटणार होता, तो त्यांनी गिळला.

"झालं?" मुलीनं विचारलं. "एवढंच असतं?"

"हो."

"किती वेळ लागतो याला?"

सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं. बाहेर वॉर्डात बाराचा राउंड सुरू व्हायची वेळ झाली होती, कोणीतरी टेबलाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"दहा सेकंद," त्या म्हणाल्या.

मुलीनं बोटं सोडली नाहीत. सिस्टरांची बोटं आधी दुखली, मग पांढरी पडली, मग बधिर झाली, पण त्यांनी ती काढून घेतली नाहीत.